गोंदण काढण्याचे घरगुती उपाय : धोके आणि वैद्यांचे कर्तव्य

गोंदण आपल्या समाजाला नवे नाही. कपाळावरची टिकली, हनुवटीवरचे ठिपके, मनगटावरची तुळस, हातावरचे पतीचे वा भावाचे नाव ही लेणी महाराष्ट्रातील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवली. सोनेनाणे येथेच राहते, मेल्यावर सोबत येते ते गोंदण, अशी त्यामागची श्रद्धा होती. जे आयुष्यभराचे म्हणूनच करून घेतले, ते काढावे कसे हा प्रश्न त्या पिढीपुढे क्वचितच आला असेल. आज मात्र गोंदण करून घेणाऱ्याच्या मनातील भाव आणि त्याच्या अंगावरील खूण यांचे आयुष्य सारखे राहिलेले नाही. प्रेमसंबंध तुटतो, विवाह ठरतो, नोकरीची जाहिरात निघते आणि हातावरचे अक्षर अडचणीचे होते.

अंधेरीसारख्या उपनगरात या अडचणीची कारणे सहज दिसतात. एका बाजूस विमानतळ आणि त्याच्या आधाराने वाढलेले विमानसेवेचे प्रशिक्षणवर्ग. विमानसेवेतील पदांसाठी गणवेशात उघडे दिसणारे गोंदण सामान्यतः चालत नाही. दुसऱ्या बाजूस मरोळचे पोलीस मैदान, जेथे पोलीसभरतीच्या शारीरिक चाचण्या झालेल्या आहेत. पश्चिमेस लोखंडवाला, ओशिवरा, यारी रोड या भागांत चित्रपट व दूरचित्रवाणीच्या व्यवसायातील तरुणवर्ग, आणि त्याच परिसरात गोंदण करून देणारी दुकानेही. गोंदण करणारे आणि ते घालवू पाहणारे असे शेजारी शेजारी वावरत असताना ‘हे घालवायला एखादा लेप आहे का?’ असा प्रश्न वैद्यांच्या चिकित्सालयात आणि औषधी दुकानाच्या गल्ल्यावर येणे स्वाभाविक आहे. विचारणाऱ्याजवळ वेळ थोडा असतो, पैसा त्याहून थोडा असतो, आणि आयुर्वेदीय औषध म्हणजे निरुपद्रवी औषध ही त्याची समजूत पक्की असते. या प्रश्नाला आपण काय उत्तर द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रंग कोठे असतो?

प्रथम गोंदणाचे स्वरूप पाहू. सुई बाह्यत्वचा भेदून रंगाचे कण अंतस्त्वचेत, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोलीवर सोडते. बाह्यत्वचेच्या पेशी सुमारे महिन्याभरात झडून नव्या येतात. रंग तेथेच राहिला असता तर तोही आपोआप गेला असता. अंतस्त्वचेत मात्र शरीराच्या भक्षक पेशी हे कण गिळतात. कण मोठे असल्याने त्यांना ते पचवता येत नाहीत आणि वाहूनही नेता येत नाहीत. फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखवले की, रंग गिळलेली भक्षक पेशी मेल्यावर सुटलेले कण शेजारची नवी भक्षक पेशी पुन्हा गिळते. पेशी बदलतात, रंग तेथेच राहतो. काही कण लसिकावाहिन्यांतून निघून जवळच्या लसिकाग्रंथींत जाऊन बसतात. परंतु बाकीचे जन्मभर जागा सोडत नाहीत.

रंगही एक प्रकारचे नसतात. जत्रेतील वा हौशी गोंदणात बहुधा काजळी किंवा कोळशाची पूड असते. व्यावसायिक गोंदणात काजळीबरोबर लोहाची व टायटॅनियमची भस्मसदृश संयुगे आणि अनेक कृत्रिम सेंद्रिय रंग असतात. पूर्वी तांबड्या रंगासाठी हिंगुळ वापरीत. त्यातील पाऱ्यामुळे वर्षानुवर्षांनी त्या तांबड्या भागापुरतीच कंडू व सूज उद्भवल्याची वर्णने त्वचारोगांच्या ग्रंथांत आहेत.

आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर गोंदणाचा काळेपणा हे वैवर्ण्य नाही. व्यंग, न्यच्छ किंवा व्रण भरून आल्यावर उरलेला डाग यांत विकृती त्वचेच्या स्वतःच्या वर्णाची असते. गोंदणात बाहेरून आलेले द्रव्य त्वचेत रुतलेले असते. सुश्रुताचार्यांनी शरीर आणि मन यांना पीडा देणाऱ्या वस्तूस शल्य म्हटले आहे आणि त्याचे शारीर व आगंतु असे भेद केले आहेत. नकोशा झालेल्या गोंदणाला आगंतु शल्याचे हे वर्णन शब्दशः लागू पडते. शल्य म्हटले की चिकित्सेची दिशा बदलते. ते काढावे लागते, वर्ण्य लेपाने ते उजळत नाही. मंजिष्ठा, लोध्र, रक्तचंदन, कुंकुमादी तैल ही द्रव्ये त्यांच्या ठिकाणी गुणकारी आहेत, पण रुतलेल्या काजळीवर त्यांचा उपयोग नाही. पांडुकर्माचा दाखलाही येथे गैरलागू ठरतो. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात शेळीच्या दुधात सात रात्री भिजवलेल्या रोहिणीफलाचा जो प्रयोग सांगितला आहे, तो नीट न भरलेल्या व्रणाच्या काळ्या डागासाठी आहे.

यावरून एक साधा नियम निघतो. त्वचेवर लावलेले जे द्रव्य गोंदणाच्या रंगापर्यंत खरोखर पोहोचते, ते वाटेतील त्वचा जाळूनच पोहोचते. जे त्वचा जाळत नाही, ते पोहोचतही नाही. घरगुती उपायांची सर्व फसवणूक आणि सर्व अपाय या दोन वाक्यांत येतात.

प्रचलित उपाय आणि त्यांचे परिणाम

*बिब्बा.* बिब्ब्याचे तेल लावले की कातडी काळी पडून सोलते, म्हणून गोंदणही निघेल असा तर्क केला जातो. प्रत्यक्षात सुश्रुतोक्त कृष्णकर्मात, म्हणजे पांढऱ्या पडलेल्या वणाला काळेपणा आणण्याच्या विधीत, शोधन-भावना केलेल्या भल्लातकाचेच तेल वापरले आहे. काळी खूण घालवण्यासाठी काळेपणा आणणारे द्रव्य लावण्याचा हा विपरीत प्रकार होय. शिवाय बिब्बा उततो. लावल्या जागीच नव्हे तर चेहरा, पापण्या, जननेंद्रिय येथेही शोथ, स्फोट व तीव्र कंडू उत्पन्न होते, आणि ती काही तासांनी वा एकदोन दिवसांनी दिसू लागते. एकदा उतलेल्या व्यक्तीस पुढे अल्प संपर्कही पुरतो. धोबी कपड्यांवर बिब्ब्याने खूण करीत. त्या खुणेमुळे भारतातील अमेरिकी सैनिकांना झालेल्या त्वचाशोथाची नोंद १९४३ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात झालेली आहे. कपड्यावरच्या वाळलेल्या खुणेने हे होत असेल, तर ताज्या तेलाबद्दल अधिक सांगणे नको.

*चुना व सोडा.* हा घरी केलेला तीक्ष्ण क्षारच होय. आम्लाने भाजलेल्या जागी बहुधा खपली धरून दाह तेथेच थांबू शकतो. क्षार मात्र स्नेह व मांसधातू विरघळवीत खाली उतरत राहतो. आरंभी वेदना थोडी असल्याने लावणारा तो अधिक वेळ ठेवतो, आणि खोली कळते ती दुसऱ्या दिवशी.

*निवडुंग, शेर व पपईचा चीक.* निवडुंग व शेर यांच्या चिकाने फोड येतात. बोटाला लागलेला चीक डोळ्यात गेला तर दृष्टीस धोका पोहोचतो. पपईचा कच्चा चीक निरोगी त्वचेतून रंगापर्यंत जात नाही, सोललेल्या त्वचेवर मात्र व्रण वाढवतो.

*मीठ, विटेचा तुकडा, पॉलिश कागद.* मिठाने घासून गोंदण काढण्याची रीत पुरातन आहे. सहाव्या शतकातील ग्रीक वैद्य एटियस याच्या नावावर ती सांगितली जाते. विसाव्या शतकातही शल्यवैद्य त्वचा घासून काढण्याची क्रिया करीत, पण ती भूल देऊन, निर्जंतुक साधनांनी आणि खोलीचा अंदाज घेऊन. स्नानगृहात बसून घासणाऱ्याला यातील काहीच साधत नाही. जंतुसंसर्ग, धनुर्वाताचा धोका आणि गोंदणाच्याच आकाराचा उंच वण पदरी येतो. जुनाच आकार सुईने पुन्हा टोचून त्यात दूध, लिंबू वा चुना भरण्याचा प्रकारही असाच. एकच सुई दोघांनी वापरली तर यकृतशोथ ‘ब’ व ‘क’ आणि एचआयव्ही यांची भर पडते.

*आम्ले व तयार क्रीम.* ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल तज्ज्ञाच्या हाती त्वचाविकारांवर उपयोगी पडते. तीव्र प्रमाणात घरी लावल्यास खोल भाजते. गोंदण घालवणारे म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रीमांपैकी एकासही अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेली नाही. अशा क्रीमांनी भाजणे, पुरळ व वण होऊ शकतात असा इशाराच त्या प्रशासनाने दिलेला आहे.

आपल्या लोकांच्या सावळ्या त्वचेचा विचार येथे स्वतंत्रपणे केला पाहिजे. अशा त्वचेत दाहानंतर काळे डाग उमटण्याची प्रवृत्ती अधिक असते आणि खोल दाहानंतर कायमचे पांढरे चट्टेही राहतात. छाती, खांदा व दंड येथे व्रणवस्तू मर्यादेबाहेर वाढून कठीण, कंडूयुक्त गाठ होण्याची शक्यता मोठी. नाव काढावयास निघालेल्या माणसाच्या हातावर त्याच नावाच्या आकाराचा वण राहतो, आणि त्यावर पुढे लेसरही तितकेसे नीट चालत नाही.

क्षारकर्माचा आधार घेता येईल काय?

तिलकालक, मशक, चर्मकील, न्यच्छ व व्यंग यांवर प्रतिसारणीय क्षार सांगितला आहे, मग गोंदणावर का नको, असा प्रश्न व्यवसायबंधू करतील. त्याचे उत्तर सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायातच मिळते. आचार्यांनी क्षाराचे मृदू, मध्य व तीक्ष्ण असे भेद केले, शंभर मात्रांचा काळ सांगितला, सम्यक् दग्धाचे लक्षण म्हणून काळेपणा सांगितला, आणि अतिदग्धाच्या लक्षणांत दाह, पाक, स्राव यांपासून मूर्च्छा व मरणापर्यंतचा क्रम दिला. अल्पबुद्धीच्या हातातील क्षाराची तुलना त्यांनी विष, अग्नी, शस्त्र व वज्र यांच्याशी केली आहे. पुडी बांधून देऊन ‘घरी लावा’ असे सांगण्यास या अध्यायात कोठेही आधार नाही.

त्याहून महत्त्वाचा आहे तो स्थाननिषेध. मर्म, सिरा, स्नायू, संधी, धमनी, गळा आणि अल्पमांस प्रदेश येथे क्षार देऊ नये असे स्पष्ट वचन आहे. आजकाल गोंदण कोठे करतात ते पाहावे : मनगटाच्या आतील बाजूस, म्हणजे मणिबंध मर्माजवळ, घोट्यावर, म्हणजे गुल्फ मर्माजवळ, मानेवर, जेथे नीला, मन्या व मातृका ही मर्मे आहेत, आणि बोटांवर, जेथे मांस नाममात्र आहे. मनगटाच्या आतील बाजूस त्वचेखाली लगेच कंडरा, सिरा व नाड्या आहेत. तेथील खोल व्रण भरताना आकसला तर हाताच्या हालचालीवर बंधन येते. भगंदर व अर्श यांत क्षारसूत्राने आपल्या शास्त्राला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती शिस्तबद्ध वापरामुळे. गोंदणावर क्षार लावून एका तरुणाचा हात बिघडला, तर ती प्रतिष्ठाही त्याबरोबर उणावेल.

औषधी दुकानदारांसाठी

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची ई(१) मध्ये आयुर्वेदातील विषारी द्रव्यांची यादी आहे. भल्लातक, स्नुही, अर्क, हरताळ, मनःशिळा, तुत्थ, हिंगुळ ही सर्व त्या यादीत आहेत. यांपासून पोटात घेण्यासाठी केलेल्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. काष्ठौषधींच्या दुकानात कागदात बांधून दिलेल्या सुट्या बिब्ब्यांवर अशी कोणतीच सूचना नसते. तेथे सूचना देणारा एकच, तो म्हणजे गल्ल्यावरचा माणूस. म्हणून बिब्बा, तुत्थ, तीक्ष्ण क्षार किंवा स्नुहीचा चीक मागणाऱ्यास ‘कशासाठी हवा?’ असे विचारण्याचा परिपाठ ठेवावा. उत्तर गोंदण, मस वा तीळ काढण्यासाठी असे आले, तर वस्तू देऊ नये आणि न देण्याचे कारण सांगावे. नुसते ‘नाही’ म्हटल्यास ग्राहक पुढच्या दुकानात जातो.

आधुनिक औषधेही विकणाऱ्यांनी स्टेरॉइडयुक्त क्रीमांबाबत सावध राहावे. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावावयाच्या अनेक स्टेरॉइड औषधांचा समावेश अनुसूची एच मध्ये केला. ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. रंग उजळवणारे म्हणून गोंदणावर ती चोळल्यास रंग तसाच राहतो, त्वचा मात्र पातळ होते.

काढणे खरोखर आवश्यक आहे काय?

भरतीसाठी घाबरून आलेल्या तरुणास पहिला प्रश्न हाच विचारावा. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या वैद्यकीय तपासणीच्या मार्गदर्शक सूचनांत गोंदणाला सरसकट बंदी नाही. सलाम न करणाऱ्या, म्हणजे डाव्या हाताच्या आतील बाजूवरील किंवा पंजाच्या मागील बाजूवरील गोंदण, त्या भागाच्या एकचतुर्थांशाहून लहान असल्यास, चालते. धार्मिक चिन्ह व नाव यांनाही मुभा आहे. भूदलातही कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतील बाजूवरील आणि पंजाच्या मागील बाजूवरील गोंदण चालते, आणि आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीनुसार अधिक सवलत आहे. उजव्या हातावरील धार्मिक गोंदणामुळे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने अपात्र ठरवलेल्या महाराष्ट्रातील एका तरुणाचे प्रकरण २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आले, तेव्हा न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. म्हणून उमेदवाराने आपल्या पदाची जाहिरात आणि त्यातील वैद्यकीय निकष आधी वाचावेत. जे गोंदण नियमात बसते, ते काढण्याच्या नादात त्या जागी भाजल्याचा ताजा व्रण घेऊन वैद्यकीय मंडळापुढे उभे राहणे यासारखे दुर्दैव नाही.

योग्य मार्ग

काढणे आवश्यकच असेल, तर आज पहिली पसंती लेसरला आहे. १९८३ मध्ये अँडरसन व पॅरिश यांनी मांडलेल्या तत्त्वानुसार विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश अत्यल्प काळ दिल्यास तो रंगकणांतच शोषला जातो आणि भोवतालची त्वचा बरीचशी वाचते. नॅनोसेकंदांच्या वा त्याहूनही लहान स्पंदांनी कण फुटतात आणि फुटलेले बारीक कण शरीर हळूहळू वाहून नेते. सावळ्या त्वचेवर काळ्या रंगासाठी १०६४ नॅनोमीटरचा लेसर अधिक सुरक्षित मानला जातो. काजळीचे हौशी गोंदण तुलनेने लवकर जाते. हिरवे, पिवळे व बहुरंगी गोंदण चिवट असते. आणि पांढरा वा त्वचेच्या रंगाचा भाग लेसरने उलट काळा पडू शकतो. लहान गोंदण शस्त्रक्रियेने कापून टाके घालणे हाही एक मार्ग आहे.

दोन बैठकींत सहा ते आठ आठवड्यांचे अंतर लागते. सहा बैठका धरल्या तरी सात ते नऊ महिने जातात, आणि व्यावसायिक गोंदणास त्याहून अधिक बैठकी लागतात. ही गोष्ट रुग्णाला स्पष्ट सांगावी, कारण घरगुती उपायांकडे माणूस वळतो तो मुख्यतः मुदत जवळ आल्यामुळे. महिन्यावर आलेल्या चाचणीपूर्वी खोल गोंदण पूर्ण घालवणारा सुरक्षित उपाय कोणाकडेही नाही. खर्चाची अडचण असल्यास कूपर, नायर, केईएम वा शीव या महापालिका रुग्णालयांच्या त्वचाविभागात सल्ला घेण्यास सुचवावे. ज्याच्या मनात पुढे भरतीस उतरण्याचा विचार आहे, त्याने गोंदण करून घेण्यापूर्वीच निकष पाहावेत, हा सल्ला तर आपण सहज देऊ शकतो.

भाजलेला रुग्ण समोर आल्यास

असा रुग्ण बहुधा लपवून, उशिरा येतो. त्याला दोष न देता काय लावले, किती वेळ ठेवले हे विचारावे. द्रव्य नुकतेच लागलेले असेल तर वाहत्या पाण्याने किमान वीस मिनिटे, आणि क्षार असल्यास त्याहून बराच अधिक वेळ, जागा धुवावी. कोरडा चुना आधी झटकून मगच पाणी घालावे. क्षारदग्धावर अम्लद्रव्याचे सिंचन शास्त्रात आहे खरे. पण ते वैद्याने स्वतः मोजून लावलेल्या ज्ञात क्षारानंतरचे कर्म आहे. अज्ञात द्रव्यावर लिंबू वा शिर्का ओतल्यास दाहाची भर पडते. बिब्बा उतला असेल तर जागा साबण-पाण्याने लवकर धुवावी. खोबरेल वा तीळ-लोणी त्यानंतर.

जागा पांढरी, चामड्यासारखी आणि वेदनाहीन असेल, भाजलेला भाग सांध्यावर, हातावर, चेहऱ्यावर वा गुह्यांगावर असेल, ज्वर वा पू असेल, रुग्ण प्रमेही असेल, तर शतधौत घृताचा मोह आवरून त्यास दग्धचिकित्सेची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. नवी मुंबईतील ऐरोली येथे राष्ट्रीय दग्ध केंद्र आहे. धनुर्वाताच्या लसीची चौकशी प्रत्येक रुग्णाकडे करावी. उथळ, स्वच्छ दाहात मात्र यष्टिमधू व घृताचे रोपण, उन्हापासून संरक्षण आणि खपली न ओढण्याचे पथ्य यांनी उत्तम काम होते. लेसरनंतरच्या काळातही त्वचा भरून आल्यावर, त्वचारोगतज्ज्ञाच्या संमतीने, हेच पथ्य वैद्य सांभाळू शकतो.

वैद्यबंधूंनी व औषधी दुकानदारांनी या विषयावर चार ओळींची सूचना आपल्या दर्शनी भागात मराठीत व हिंदीत लावावी, अशी विनंती आहे : गोंदण लेपाने जात नाही, बिब्बा, चुना, चीक व आम्ल लावू नका, भरतीचे निकष आधी वाचा, काढावयाचे असल्यास किमान वर्षभर आधी त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. ग्राहकाने मागितलेली पुडी न देता दिलेला असा सल्ला हीदेखील चिकित्साच होय.